थंडरबर्ड 78 वरून 68 वर परत आल्यावर ॲड्रेस बुक पूर्ण रिकामे दिसते आहे : 640 सभासदांचे पत्ते परत कसे मिळवावेत?

वाचनवेल | 4 नोव्हेंबर 2020, रात्री 9:12

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यातील एका सार्वजनिक वाचनालयाचा पत्रव्यवहार मी पाहते. सभासदांना पाठवायची सगळी पत्रे गेली कित्येक वर्षे थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममधून जातात आणि 640 सभासदांचे पत्ते त्याच्याच ॲड्रेस बुकमध्ये आहेत. नावे देवनागरीत आहेत, सभासद क्रमांक ‘कस्टम 1’ या रकान्यात आहे आणि दिवाळी अंक योजना, बालविभाग, आजीव सभासद व कार्यकारिणी अशा चार मेलिंग लिस्ट केलेल्या आहेत.

15 ऑक्टोबरपासून वाचनालये उघडायला परवानगी मिळाली, त्याच सुमारास मी थंडरबर्डच्या आवृत्ती 68 वरून 78 वर गेले. पाकिटांवर चिकटवायच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापण्यासाठी आम्ही एक जुने ॲड-ऑन (थंडरबर्डला जोडायचा छोटा पूरक प्रोग्रॅम) वापरत होतो, ते 78 मध्ये चालेनासे झाले. तीन आठवडे तसेच काढले, पण दिवाळी अंकांची पाकिटे तयार करायची वेळ आली तेव्हा काल 78 काढून टाकून 68.12 पुन्हा बसवले. पहिल्यांदा उघडताच एक चौकट आली, तिच्यात जुनी आवृत्ती उघडली असल्याची सूचना होती आणि खाली ‘नवे प्रोफाइल तयार करा’ व ‘बाहेर पडा’ एवढी दोनच बटणे होती. मी पहिले बटण दाबले. मेल खात्याची माहिती पुन्हा भरल्यावर जुनी पत्रे सगळी आली, मात्र ॲड्रेस बुकमध्ये एकही नाव नाही आणि चारही लिस्ट गेल्या आहेत.

दिवाळी अंक योजनेचे पत्र रविवारपर्यंत जाणे आवश्यक आहे. पत्रे परत आली तर पत्ते का आले नाहीत, आणि ते आता कुठे असतील, हे कोणी समजावून सांगू शकेल का? कागदी नोंदवहीवरून 640 पत्ते पुन्हा भरण्याची तयारी आहे, पण ती शेवटची वाट असावी असे वाटते.

शेवगा | 4 नोव्हेंबर 2020, रात्री 9:40

पत्रे परत आली त्या अर्थी आपले खाते आयमॅप पद्धतीचे असावे. त्या पद्धतीत पत्रे मेल पुरवणाऱ्याच्या सर्व्हरवर राहतात आणि थंडरबर्ड ती तिथून पुन्हा उतरवून घेतो. ॲड्रेस बुक मात्र सर्व्हरवर नसते, ते आपल्याच संगणकावर एका फाइलमध्ये असते. म्हणून खाते नव्याने जोडल्यावर पत्रे आली आणि पत्ते आले नाहीत.

ती चौकट टाळून जुनेच प्रोफाइल, म्हणजे आपली पत्रे, पत्ते व मांडणी ज्यात असते तो फोल्डर, 68 मध्ये उघडता येते. शॉर्टकटच्या ‘टार्गेट’ या रकान्याच्या शेवटी एक आडवी रेघ देऊन ‘अलाउ-डाउनग्रेड’ हे शब्द रोमन लिपीत जोडावेत. तसे करून पाहावे असे मी सुचवतो.

सह्यवारा | 4 नोव्हेंबर 2020, रात्री 10:05

वाचनवेल, कृपया ते आजच करू नका. शेवगा यांनी सांगितलेली सोय खरोखरच आहे, पण आपल्या बाबतीत तिचा उपयोग होणार नाही आणि झाला तर तोटाच होईल.

आवृत्ती 68 पासून थंडरबर्डमध्ये एक पहारा बसवलेला आहे. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल असते आणि ते प्रोफाइल शेवटी कोणत्या आवृत्तीने उघडले होते त्याची नोंद तिच्यात असते. त्याहून जुनी आवृत्ती ते उघडू लागली की आपण पाहिलेली चौकट येते. नव्या आवृत्तीने ज्या फाइलींची रचना बदलली आहे त्यांत जुन्या आवृत्तीने न समजता लिहायला सुरुवात केली तर त्या बिघडू शकतात, यासाठी ही काळजी घेतलेली आहे. शेवगा यांचा उपाय या पहाऱ्याला बाजूला सारतो, परंतु 78 ने लिहिलेली पत्त्यांची फाइल वाचण्याची विद्या 68 ला त्यामुळे येत नाही.

आपण ‘नवे प्रोफाइल तयार करा’ हे बटण दाबलेत ते योग्यच केलेत. त्यामुळे जुने प्रोफाइल पुसले गेलेले नाही, ते जसेच्या तसे बाजूला राहिले आहे. आज एवढेच करा : काहीही पुसू नका, संगणकाची ‘साफसफाई’ करणारा कोणताही प्रोग्रॅम चालवू नका. थंडरबर्डमध्ये ‘हेल्प’ मेनूतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा आणि ‘प्रोफाइल फोल्डर’ समोरचे ‘ओपन फोल्डर’ हे बटण दाबा. जो फोल्डर उघडेल ते आपले नवे, रिकामे प्रोफाइल आहे. तेथून एक पायरी वर गेलात की ‘प्रोफाइल्स’ नावाचा फोल्डर लागेल आणि त्यात त्याचा जुना भाऊ सापडेल. अशा फोल्डरच्या नावाची सुरुवात आठ अर्थहीन अक्षरांनी व अंकांनी होते, त्याचा गोंधळ मानू नका. मग थंडरबर्ड बंद करून हा सबंध ‘प्रोफाइल्स’ फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

ते झाल्यावर जुन्या फोल्डरमध्ये ‘एबुक’ आणि ‘हिस्टरी’ या नावांनी सुरू होणाऱ्या कोणकोणत्या फाइली आहेत, त्यांची पूर्ण नावे काय आणि आकार किती, हे येथे लिहा. पडद्यावर ही नावे रोमन लिपीत दिसतील, आपण उच्चाराप्रमाणे लिहिलीत तरी चालेल.

वाचनवेल | 5 नोव्हेंबर 2020, सकाळी 11:20

मनापासून धन्यवाद. रात्रीच पेनड्राइव्हवर प्रत घेतली, आता पुष्कळ धीर आला आहे.

‘प्रोफाइल्स’मध्ये खरोखरच दोन फोल्डर आहेत. एकात परवापासूनच्याच फाइली आहेत, दुसऱ्यात 2016 पासूनच्या. जुन्या फोल्डरमध्ये ‘एबुक.एसक्यूलाइट’, ‘एबुक.मॅब.बॅक’, ‘हिस्टरी.एसक्यूलाइट’ आणि ‘हिस्टरी.मॅब.बॅक’ अशा चार फाइली आहेत. दोन्ही एबुक फाइलींचा आकार काहीशे केबी आहे. नव्या फोल्डरमध्ये ‘एबुक.मॅब’ आणि ‘हिस्टरी.मॅब’ एवढ्याच आहेत आणि त्या अगदीच लहान आहेत. एकाच ॲड्रेस बुकच्या दोन फाइली कशा, हे मात्र समजले नाही.

सह्यवारा | 5 नोव्हेंबर 2020, दुपारी 12:48

आपले पत्ते सुरक्षित आहेत, आणि ते दोन ठिकाणी आहेत.

थंडरबर्डची पहिली आवृत्ती डिसेंबर 2004 मध्ये आली, तेव्हापासून ॲड्रेस बुक ‘मॉर्क’ नावाच्या रचनेत लिहिले जात होते. ही रचना नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातली आहे. फायरफॉक्सने पाहिलेल्या पानांची नोंद ठेवण्यासाठी ती वापरणे 2008 मध्ये आवृत्ती 3 पासूनच सोडले होते, ॲड्रेस बुकमध्ये मात्र ती 68 पर्यंत टिकून राहिली. ‘मॅब’ हे शेपूट असलेल्या फाइली या रचनेतल्या असतात. यंदा जुलैमध्ये आलेल्या 78 ने ती सोडली आणि पत्ते एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवायला सुरुवात केली.

आपण 78 पहिल्यांदा उघडले त्या दिवशी त्याने ‘एबुक.मॅब’ वाचली, तिच्यातील प्रत्येक नाव नव्या ‘एबुक.एसक्यूलाइट’मध्ये उतरवले आणि जुनी फाइल न पुसता तिच्या नावापुढे ‘बॅक’ जोडून ती बाजूला ठेवली. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत आपण जे काही लिहिले ते फक्त नव्या फाइलीत गेले. थोडक्यात, ‘बॅक’ची फाइल म्हणजे ऑक्टोबरमधल्या त्या दिवशी बंद झालेली वही, आणि एसक्यूलाइटची फाइल म्हणजे परवापर्यंत चालू असलेली वही.

खात्री करायची असेल तर दोन्ही फाइलींच्या प्रती नोटपॅडमध्ये उघडून पाहा, मूळ फाइली नकोत. एसक्यूलाइटच्या फाइलीत अगदी सुरुवातीला ‘एसक्यूलाइट फॉरमॅट 3’ हे शब्द रोमन लिपीत दिसतील. मॉर्कची फाइल साध्या मजकुराची असल्याने तिच्यात ईमेल पत्ते सरळ वाचता येतील, देवनागरी नावांच्या जागी मात्र डॉलरची चिन्हे आणि अंक-अक्षरांच्या जोड्या दिसतील. नावे बिघडलेली नाहीत, मॉर्क देवनागरी अशीच लिहितो. पाहून झाल्यावर काहीही न साठवता नोटपॅड बंद करा.

आता पहिला टप्पा. थंडरबर्ड पूर्ण बंद करा. नव्या फोल्डरमधील लहान ‘एबुक.मॅब’चे नाव बदलून ‘एबुक-रिकामे’ असे काहीतरी ठेवा. जुन्या फोल्डरमधील ‘एबुक.मॅब.बॅक’ची प्रत नव्या फोल्डरमध्ये आणा आणि तिच्या नावातील शेवटचे ‘.बॅक’ एवढे काढून टाका. ‘हिस्टरी’च्या बाबतीतही असेच करा. ज्यांना पत्र पाठवले पण ज्यांचे नाव मुद्दाम नोंदवले नाही, त्यांचे पत्ते ‘हिस्टरी’ या फाइलीत आपोआप गोळा होत असतात, म्हणून तीही मोलाची आहे. मग 68 उघडा.

थंडरबर्ड उघडा असताना यातले काहीही करू नका. बंद होताना तो आपल्या स्मरणातले रिकामे ॲड्रेस बुक पुन्हा फाइलीवर लिहू शकतो.

वाचनवेल | 5 नोव्हेंबर 2020, सायंकाळी 6:35

नावे आली! चारही लिस्ट आल्या, ‘कस्टम 1’मधील सभासद क्रमांकही जागच्या जागी आहेत. आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही.

मोजल्यावर संख्या 597 भरते. ऑक्टोबरमध्ये वाचनालय उघडल्यावर 43 नवे सभासद नोंदवले होते, ते यात नाहीत. आपण सांगितलेल्या बंद वहीचा अर्थ आता नेमका समजला. काही जुन्या सभासदांनी टाळेबंदीच्या काळात ईमेल पत्ते बदलले होते, तेही मी 78 मध्ये असतानाच दुरुस्त केले होते आणि आता पुन्हा जुनेच दिसत आहेत. हे 43 जण दिवाळी अंक योजनेचे नवे वर्गणीदार आहेत, म्हणून पत्र मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे. एसक्यूलाइटच्या फाइलीतून ते 68 मध्ये आणता येतील का?

पायवाट | 5 नोव्हेंबर 2020, रात्री 8:10

येतील, पण मध्ये एक दुभाष्या लागेल. 68 ला एसक्यूलाइटची फाइल वाचता येत नाही आणि 78 ला मॉर्कमध्ये लिहिता येत नाही, म्हणून दोघांनाही समजेल अशा तिसऱ्या रचनेत पत्ते उतरवून घ्यावे लागतात. आमच्या कार्यालयात मी हे तीन संगणकांवर केले आहे.

घरात दुसरा संगणक असेल तर सर्वांत सोपे. त्यावर थंडरबर्ड 78 बसवा आणि एकदा उघडा, मेल खाते जोडायला सांगेल ते रद्द करा. वाचनालयाचा पासवर्ड त्या संगणकावर देण्याची काहीच गरज नाही. मग त्याचा प्रोफाइल फोल्डर सह्यवारा यांनी सांगितलेल्या मार्गाने शोधा, थंडरबर्ड बंद करा आणि पेनड्राइव्हवरील जुन्या प्रोफाइलमधून ‘एबुक.एसक्यूलाइट’ व ‘हिस्टरी.एसक्यूलाइट’ या दोनच फाइली तेथे आणून त्याच नावाच्या फाइलींवर टाका. त्याच नावाच्या पण शेवटी आणखी शेपूट असलेल्या फाइली जुन्या फोल्डरमध्ये असतील तर त्याही सोबत न्या, कारण अगदी अलीकडच्या नोंदी कधी कधी त्यांत राहिलेल्या असतात. आता 78 उघडलेत की 640 नावे दिसायला हवीत.

नंतर ॲड्रेस बुकच्या खिडकीत डावीकडे आपले पुस्तक निवडून ‘टूल्स’ मेनूतून ‘एक्स्पोर्ट’ करा. एका वेळी एकच पुस्तक निघते, म्हणून दोन्ही पुस्तके वेगवेगळी काढा.

वाचनवेल | 6 नोव्हेंबर 2020, दुपारी 3:15

भाचीच्या लॅपटॉपवर 78 बसवले आणि तिथे 640 नावे दिसली. एक्स्पोर्ट करताना प्रकार विचारला तेव्हा ओळखीचे नाव म्हणून ‘कॉमा सेपरेटेड’ निवडले. त्याच्यापुढे ‘सिस्टिम कॅरॅक्टर सेट’ असे काहीतरी होते. ती फाइल एक्सेलमध्ये उघडली तर ईमेल पत्ते बरोबर आहेत, पण प्रत्येक नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग आहे. मॉर्कच्या फाइलीसारखेच हेही फक्त दिसायला विचित्र आहे असे समजून 68 मध्ये आणून पाहिले, तिथेही प्रश्नचिन्हेच आली. लिस्टही एकही आली नाही.

पायवाट | 6 नोव्हेंबर 2020, दुपारी 4:02

प्रकार कोणता निवडायचा ते मी कालच सांगायला हवे होते, ते राहून गेले याबद्दल क्षमस्व.

ही प्रश्नचिन्हे मात्र खरोखरची आहेत, त्या फाइलीतून नावे परत येणार नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक विंडोज संगणकांचा मूळ अक्षरसंच पश्चिम युरोपीय भाषांसाठी केलेला आहे आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. ‘सिस्टिम’ हा पर्याय निवडला की थंडरबर्ड त्या संचात लिहायला जातो आणि ज्या अक्षराला जागा सापडत नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जातो. ‘श्री’ असो वा ‘कुलकर्णी’, प्रत्येक अक्षराच्या जागी लिहिले जाते ते प्रश्नचिन्हच. 68 मध्ये या फाइलीतून जे पुस्तक तयार झाले असेल ते निर्धास्तपणे पुसून टाका. लॅपटॉपवरची 640 नावे शाबूत आहेत.

यादीत त्याच्याजवळच ‘यूटीएफ-8’ (सर्व लिप्यांना जागा असलेला अक्षरसंच) असे लिहिलेला दुसरा कॉमाचा पर्याय आहे आणि त्यात देवनागरी नीट राहते. तरीही आपल्यासाठी मी तो सुचवत नाही, कारण कॉमाच्या फाइलीत एकेका व्यक्तीची ओळ असते, मेलिंग लिस्टमध्ये कोण कोण आहे हे लिहिण्याची सोयच तिच्यात नसते. व्हीकार्ड या पत्त्यांच्या दुसऱ्या प्रकाराचेही तेच. आपल्या चार लिस्ट आणि ‘कस्टम 1’ हे दोन्ही सोबत न्यायचे असेल तर ‘एलडीआयएफ’ (पत्ते आणि लिस्ट दोन्ही साध्या मजकुरात लिहिणारी रचना) हाच प्रकार निवडा. फोटो लावलेले असतील तर ते त्यात येत नाहीत, तेवढे लक्षात ठेवा. फाइलीला अर्थपूर्ण नाव द्या, कारण 68 मध्ये आणल्यावर नव्या पुस्तकाला तेच नाव लागते.

आणि कोणतीही फाइल मधल्या टप्प्यात एक्सेलमध्ये उघडून साठवू नका. यूटीएफ-8 ची फाइल नुसती दोनदा टिचकी मारून उघडली तर एक्सेल बहुधा तिचा अक्षरसंच चुकीचा धरतो, आणि तशा अवस्थेत ‘सेव्ह’ दाबले की चांगली फाइल कायमची बिघडते.

वाचनवेल | 6 नोव्हेंबर 2020, सायंकाळी 7:50

एलडीआयएफ फाइल काढली. या वेळी एक्सेलला हात न लावता नोटपॅडमध्ये पाहिली. ईमेलच्या ओळी वाचता येतात, पण नावांच्या ओळींत आधी दोन विसर्गचिन्हांसारखी टिंबे आणि पुढे रोमन अक्षरे व अंकांची लांबच लांब ओळ आहे. दुपारच्या अनुभवानंतर भीती वाटते म्हणून 68 मध्ये आणण्याआधी विचारते आहे. ही नावे गेली आहेत की फक्त वेगळ्या रूपात आहेत?

सह्यवारा | 6 नोव्हेंबर 2020, रात्री 8:25

पूर्ण शाबूत आहेत, आणि हे आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येईल.

एलडीआयएफमध्ये ओळीच्या नावापुढे एकच अपूर्णविराम असेल तर पुढचा मजकूर जसाच्या तसा असतो, एकापुढे एक दोन असतील तर पुढचा मजकूर बेस-64 या पद्धतीने बांधलेला असतो. रोमन अक्षरांपलीकडचे काही आले की ही बांधणी वापरतात. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षर, आणि प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी व हलन्तचिन्हसुद्धा, बरोबर 3 बाइट घेते. बेस-64 दर 3 बाइटांची 4 चिन्हे करतो. म्हणून नावाच्या पहिल्या शब्दात दर चार चिन्हांचा एक गट होतो आणि असा प्रत्येक गट 4 या अंकाने सुरू होतो, त्याच्या लगेच पुढे रोमन ‘के’ असतो. मधली जागा एकाच बाइटची असल्याने तिच्यापुढे हा ठेका बदलतो. आपल्या फाइलीत दोन टिंबांनंतर लगेच 4 आणि ‘के’ दिसत असेल, तर ती अस्सल देवनागरी आहे.

68 मध्ये ‘टूल्स’मधून ‘इम्पोर्ट’, मग ‘ॲड्रेस बुक्स’, मग ‘टेक्स्ट फाइल’ असे जा आणि ही फाइल दाखवा. फाइल निवडण्याच्या खिडकीत प्रकारही एलडीआयएफच निवडा.

एक गोष्ट पायवाट यांच्या उत्तराला जोडतो. आपल्याकडे आता 597 नावांचे जुने पुस्तक आणि 640 नावांचे नवे पुस्तक अशी दोन पुस्तके होतील आणि पत्ता लिहिताना प्रत्येक नाव दोनदा सुचवले जाईल. नव्या पुस्तकातील नावे ओढून जुन्यात टाकण्याचा मोह होईल, तो टाळा. लिस्ट ज्या पुस्तकात तयार झाली त्या पुस्तकाचीच असते, नुसती नावे हलवून ती बरोबर येत नाही. नव्या पुस्तकातील नावे व चारही लिस्ट मोजून पूर्ण खात्री झाली की जुन्या पुस्तकातील 597 नावे काढून टाका आणि पुढे नवेच पुस्तक वापरा. मूळ प्रत पेनड्राइव्हवर आहेच.

वाचनवेल | 6 नोव्हेंबर 2020, रात्री 10:40

पहिल्याच ओळीत 4 आणि ‘के’ दिसला, प्रत्येक चार चिन्हांनंतर पुन्हा दिसला. भाचीने आणि मी मिळून एका आडनावाची चिन्हे बोटाने मोजली : अक्षरे व मात्रा मिळून सहा, चिन्हे चोवीस.

68 मध्ये आणल्यावर 640 नावे आली. दिवाळी अंक योजनेच्या लिस्टमध्ये 212 जण आहेत आणि नोंदवहीतही तितकेच आहेत. बालविभाग व कार्यकारिणी जुळली, आजीव सभासदांची उद्या वहीशी ताडून पाहते. बदललेले ईमेल पत्तेही दुरुस्त रूपातच आले आहेत.

तांबडमाती | 7 नोव्हेंबर 2020, सकाळी 9:30

धागा वाचून आनंद झाला. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात, दोन्ही तातडीच्या आहेत.

पहिली अशी की 68.12 स्वतःहून अद्ययावत होऊन पुन्हा 78 वर जाऊ शकते. तसे झाले तर आपली ‘मॅब’ फाइल पुन्हा एसक्यूलाइटमध्ये जाईल आणि ॲड-ऑनही पुन्हा बंद पडेल. पाकिटे तयार होईपर्यंत ‘ऑप्शन्स’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ भागात जाऊन अद्ययावत करण्यापूर्वी विचारण्याचा पर्याय निवडा. मात्र फार दिवस 68 वर राहू नका. या मालिकेत आता सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत, आणि वाचनालयाच्या पत्त्यावर अनोळखी लोकांची पत्रे रोज येत असणार.

दुसरी गोष्ट मूळ कारणाबद्दल आहे. आपण हा सगळा प्रवास चिठ्ठ्या छापण्यासाठी केलात. आपल्या ॲड-ऑनसारखी जुन्या घडणीची ॲड-ऑन 78 मध्ये चालत नाहीत, लिहिणाऱ्याने ते नव्याने लिहिले तरच चालेल. त्याची वाट पाहण्यापेक्षा लिब्रे-ऑफिस हा मोफत प्रोग्रॅमसंच वापरा; त्यात तक्त्यांसाठी कॅल्क आणि लेखनासाठी रायटर आहे. थंडरबर्डमधून यूटीएफ-8 चा कॉमाचा पर्याय निवडून पत्ते काढा आणि ती फाइल लिब्रे-ऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडा. कॅल्क उघडण्यापूर्वी अक्षरसंच विचारतो, तिथे यूटीएफ-8 निवडले की खालच्या नमुन्यातच नावे नीट दिसू लागतात. तक्ता कॅल्कच्या स्वरूपात साठवून घ्या. नंतर रायटरमध्ये ‘फाइल’, ‘न्यू’, ‘लेबल्स’ असे जाऊन तो तक्ता जोडला की नाव, पत्ता आणि सभासद क्रमांक आपल्या चिठ्ठीच्या मापात बसवता येतात. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेची पत्रे आम्ही अशीच पाठवतो. यासाठी लिस्ट जाण्याची गरज नसल्याने येथे कॉमाची फाइल पुरते.

शेवगा | 7 नोव्हेंबर 2020, सकाळी 10:15

माझा पहिला सल्ला अपुरा होता हे मान्य करतो. एक प्रश्न : वाचनवेल यांनी 78 काढण्यापूर्वी काय केले असते तर हे सर्व टळले असते?

सह्यवारा | 7 नोव्हेंबर 2020, सकाळी 11:02

78 चालू असतानाच एलडीआयएफ काढून ठेवली असती, तर 68 च्या नव्या प्रोफाइलमध्ये ती आणायला पाच मिनिटे लागली असती. दुसऱ्या संगणकाचा सारा खटाटोप केवळ 78 काढून टाकल्यामुळे करावा लागला. प्रोग्रॅम काढला तरी प्रोफाइल मागे राहते, म्हणून येथे वाट निघाली.

पुन्हा 78 वर जाताना आताच्याच प्रोफाइलवर जाता येईल, जुने प्रोफाइल उघडण्याची गरज नाही. मॉर्कमधली नावे पुन्हा एसक्यूलाइटमध्ये उतरवली जातील. आदल्या दिवशी एक ताजी एलडीआयएफ आणि प्रोफाइल फोल्डरची प्रत काढून ठेवावी.

वाचनवेल | 8 नोव्हेंबर 2020, सायंकाळी 5:20

दिवाळी अंक योजनेचे पत्र आज दुपारी 212 जणांना गेले. एकच पत्र परत आले, आणि तो पत्ता नोंदवहीतच चुकीचा लिहिलेला निघाला. आजीव सभासदांची लिस्टही जुळली, त्यानंतरच जुन्या पुस्तकातील 597 नावे काढली.

तांबडमाती यांनी सांगितल्याप्रमाणे रायटरमध्ये एक पान छापून पाहिले. मधल्या रांगेतील चिठ्ठ्या किंचित खाली सरकत होत्या, कागदाचे माप ए-4 केल्यावर त्या बरोबर बसल्या. आता जुन्या ॲड-ऑनची आवश्यकता राहिलेली नाही. अंकांची पाकिटे मंगळवारी निघतील, आणि भाऊबीज झाली की मी 78 वर जाईन. एलडीआयएफ फाइल दोन पेनड्राइव्हवर ठेवली आहे, त्यातला एक वाचनालयाच्या कपाटात नोंदवहीशेजारी आहे.